दिव्यांची टोपडी

सगुण परबाची गाडी अंगणात उभी असली की तिचं तोंड नेहमी रस्त्याकडे असायचं, आणि रस्त्यापलीकडे बसथांबा होता. हा काही योगायोग नव्हे. गाडी घ्यायची आणि ती कुणाला दिसणार नाही अशी लावायची, तर मग घ्यायची कशाला, असा सगुणचा रोकडा सवाल होता. कारापूरच्या त्या वाड्यावरून, म्हणजे त्या वस्तीवरून, साखळीला जाणारा प्रत्येक माणूस या थांब्यावर उभा राहतो, आणि बसची वाट बघणाऱ्या माणसाला समोर बघण्याखेरीज दुसरा उद्योग नसतो. जागा ठरवण्याआधीच सगुणने हे हेरून ठेवलं होतं.

गाडी पांढरी होती आणि म्हापशाच्या मेव्हण्याने भरपूर वापरून मग मोठ्या मनाने त्याला विकली होती. इंजिन बरं होतं, सीटा बऱ्या होत्या. पण पुढचे दोन्ही दिवे कावीळ झाल्यासारखे पिवळे. थांब्यावरच्या लोकांनी पहिल्याच दिवशी नेमकं तेवढंच पाहिलं. सगुणच्या जिवाला ते फार लागलं. शेवटी साखळीच्या गॅरेजवाल्या महादेवने दिवे घासूनपुसून, पॉलिश मारून लख्ख करून दिले. मात्र जाता जाता त्याने सांगून टाकलं की हे दिवे काचेचे नव्हेत, प्लॅस्टिकचे. उन्हापासून राखणारा वरचा थर होता तो घासण्यात गेला, आता ऊन खाल्लं तर पहिल्याहून लवकर पिवळे पडतील. वर चिकटवायची फिल्म आली की बसवून देतो, तोवर गाडी सावलीत लावा.

सावलीत म्हणजे कुठे? माडाखाली लावली तर नारळ पडणार. आंब्याखाली लावली तर चीक, आणि वर कावळे. घरामागे सावली होती, पण घरामागे बसथांबा नव्हता. आख्ख्या गाडीवर कव्हर घालणं म्हणजे नव्या नवरीला गोणपाटात गुंडाळून लोकांपुढे उभं करणं. तेव्हा झाकायचे तर फक्त दिवे झाकायचे, असं सगुणने ठरवलं. खाण चालू होती तेव्हा तो काट्यावर ट्रकांचं वजन करायला होता. खाणी बंद पडल्यापासून त्याच्याकडे विचार करायला वेळच वेळ होता.

खरं तर सगुणला दोनच काळज्या होत्या. एक हे दिवे आणि दुसरी सेजलची नोकरी. दिव्यांची काळजी तो बोलून दाखवायचा, सेजलची दाखवायचा नाही, कारण ती खरी होती. सेजल एकुलती एक लेक. बी.कॉम. झालेली, कॉम्प्युटर शिकलेली, आणि सरकारी नोकरीची वाट बघत घरी बसलेली. आपल्याकडे मुलाचं आधी बारसं होतं, मग शाळाप्रवेश, मग पदवी, आणि मग आमदाराच्या कानावर घालणं. हे संस्कार क्रमाने व्हावे लागतात. सगुण दर शनिवारी आमदार शिवदासबाबांच्या बंगल्यावर जायचा, अंगणातल्या प्लॅस्टिकच्या कदेलीवर बसायचा, नंबर लागला की हात जोडायचा. शिवदासबाब म्हणायचे, "आसा, आसा, ध्यानात आसा." मग सगुण बसने घरी यायचा. मधे सेजलला एका खाजगी कंपनीतून बोलावणं आलं होतं, पण सगुणच्या मते खाजगीत असते ती नोकरी नव्हे, ते काम. रात्री जेवताना मात्र तो आपल्या ताटातली तळलेली तुकडी तिच्या ताटात सरकवायचा.

तर दिवे. आधी पद्मावतीच्या जुन्या लुगड्याचे तुकडे बांधून झाले. ते दवात भिजायचे आणि ऊन आरपार जायचं. तेव्हा सगुणची नजर गेली फ्लेक्सवर. आपल्या गोव्यात चतुर्थीला, दिवाळीला आणि पुढाऱ्यांच्या वाढदिवसाला रस्त्यावर जे फ्लेक्स लागतात, ते सण संपला म्हणून संपत नाहीत, फक्त जागा बदलतात. कुणाच्या न्हाणीवर छप्पर होतात, कुणाच्या कोंबड्यांना आडोसा देतात. सगुणच्या लाकडांच्या राशीवर जयरामबाबांच्या चतुर्थीच्या शुभेच्छा होत्या. जयरामबाब म्हणजे शिवदासबाबांच्या विरुद्ध उभे राहून गेल्या वेळी थोडक्यात पडलेले. पण लाकडांवर कोण आहे हे कोण बघतो? सगुणला फ्लेक्स दिसला, जयरामबाब दिसले नाहीत.

त्याने पद्मावतीला माप दिलं. पद्मावती वाड्यावरच्या सगळ्या बायकांचे ब्लाउज शिवते आणि तिच्या हाताला एक वळण आहे: कापडावर मोर असो की कमळ, तिने तो आयुष्यात कधी मधून कापलेला नाही. चित्र असलं की ते बरोबर मधोमध आलंच पाहिजे. शिवाय गाडीचे दिवे ब्लाउजच्या बाह्यांसारखे, डाव्याचं उजव्याला चालत नाही. म्हणून तिने दोन वेगळी मापं आखली. छापलेली बाजू आत घेतली तर उन्हात रंग सुटून दिव्याला चिकटेल, म्हणून ती बाहेर घेतली. कडेने इलास्टिक घातलं आणि सुरेख दोन टोपडी शिवून दिली. डाव्या दिव्यावर जयरामबाबांचं हसरं तोंड आलं, कपाळावरच्या टिळ्यापासून हनुवटीपर्यंत, कुठे म्हणून कापलं गेलं नव्हतं. उजव्या दिव्यावर आले त्यांचे जोडलेले हात. सगुणने फक्त इलास्टिक ओढून बघितलं आणि तो खूश झाला.

थांब्यावर त्या दिवशी बस आली तरी लोक चढायला उशीर करत होते. दुसऱ्या दिवशी ट्रकवाले सगुणच्या दारासमोर आले की हॉर्न वाजवून हात करू लागले. सगुणला वाटलं, दिव्यांची निगा बघून करतात. तोही हात करू लागला. मग जयरामबाबांची दोन माणसं आली, सोप्यावर बसली, 'आमचे पात्रांव, जयरामबाब, तुमची आठवण काढतात' असं म्हणाली आणि पुढच्या सभेला गाडी घेऊन या, असं सांगून गेली. सगुणने ही गोष्ट घरात बोलून दाखवली, तेव्हा सेजलने पुस्तकातून मान वर केली.

"बाबा, तुमी पार्टी बदलल्यात?"

"मी? कित्या?"

"मग थांब्यार जावन उबे रवा आनी आपल्या घराकडे बघा."

सगुण रस्ता ओलांडून थांब्यावर जाऊन उभा राहिला. टोपडी घातल्यापासून त्याने गाडी इथून एकदाही बघितली नव्हती. दुसऱ्यांनी बघावी एवढंच बघितलं होतं. समोरून जयरामबाब त्याला हसून नमस्कार करत होते. आपल्याच अंगणात, आपल्याच बायकोने शिवून, आपण आपल्या लेकीची नोकरी घालवली, असं त्याला वाटलं.

तो टोपडी काढायला परततो न परततो, तोच दारात स्कूटर थांबली. नारायण आला होता. हा शिवदासबाबांचा उजवा हात. शनिवारी बंगल्यावर कुणाचा नंबर कधी लागायचा ते हाच ठरवायचा. आजवर त्याने सगुणकडे नीट बघितलंसुद्धा नव्हतं. आज तो सोप्यावर बसला. पद्मावतीने दिलेला चहा प्यायला, पोदेराचा पाव चहात बुडवून खाल्ला, पाव छान आहे म्हणाला. सेजल काय शिकली ते विचारलं. तिचं नाव त्याला पाठ होतं. मग गाडीकडे बघत हळू आवाजात म्हणाला, "सगुणबाब, मनशाक राग येता. आमका कळता. पण रागान काय करून घेव नये. तुमच्या चेडवाचा, सेजलचा काम होतला. सायबान आपण सांगल्यान."

नारायण हसतमुखाने गेला आणि इकडे सगुणने कपाळाला हात लावला. दुसरा कुणी असता तर त्याला कळलं असतं. पण आयुष्यभर दुसऱ्यापुढे हात जोडत आलेल्या माणसापुढे कुणी हात जोडले, तर त्याला ती धमकीच वाटते. सायबाने आपण सांगितलं, म्हणजे सायबापर्यंत गेलं! आता संपलं सगळं, असं म्हणत तो घरभर फिरू लागला.

"माका तसा दिसत नाय," पद्मावती म्हणाली. "इतक्या वर्सांत त्यांचो मनीस पयल्यांदा आपल्या घरात चाय पिलो. टोपडी ऱ्हवांदेत तशीच."

पण बायकोचं राजकारण ऐकण्याइतका सगुण अजून खचला नव्हता. त्याला एकच उपाय दिसत होता: दिव्यांवर शिवदासबाब यायला हवेत, आणि तेही तातडीने.

शिवदासबाब सापडले शेजारच्या बाबलीच्या गोठ्यात. त्यांच्या वाढदिवसाचा फ्लेक्स बाबलीने पेंडीच्या पोत्यांवर घातला होता. बाबली भला माणूस, पण फुकट देणारा नव्हे. त्याने बदल्यात जयरामबाबांचा उरलेला अर्धा फ्लेक्स मागितला आणि पेंडीवर घातला. त्याच्या गुरांना त्यात काही फरक जाणवला नाही. सगुणने शिवदासबाबांना साबण लावून धुतलं, वाळवलं, आणि पद्मावतीने पुन्हा मशीन चालवलं. पुन्हा तोंड डाव्या दिव्यावर, मधोमध. पुन्हा जोडलेले हात उजव्यावर, आणि उजव्या मनगटात ते जाडजूड सोन्याचं कडं, जे आख्ख्या मतदारसंघात तोंडाइतकंच ओळखीचं होतं. जुनी टोपडी तिने फेकली नाहीत. एवढी नीट शिवलेली वस्तू टाकायची म्हणजे तिच्या जिवावर यायचं. तिने ती गजांच्या जनेलाजवळच्या खिळ्याला अडकवून ठेवली.

ट्रकवाले आता हॉर्न न वाजवता जाऊ लागले. जयरामबाबांची माणसं फिरकेनाशी झाली. शनिवारी सगुण बंगल्यावर गेला, तेव्हा नारायण कुणाशी तरी बोलत होता. त्याने मान न वळवता म्हटलं, "बस, सगुण." परवाचं 'बाब' कुठल्या कुठे गेलं होतं. सगुणचा ऊर भरून आला. आपल्याला घरच्यासारखं एकेरी हाक मारली, म्हणजे माफी झाली, असं त्याने घरी येऊन दोघींना सांगितलं. कदेलीवर त्या दिवशी किती वेळ बसवलं ते पद्मावतीने विचारलं, आणि सगुणने ऐकलं नाही असं दाखवलं.

पुढच्या शुक्रवारी सगुण म्हापशाच्या बाजाराला गेला. बसने. बाजारात गाडी नेली तर ती दिवसभर उन्हात उभी राहणार, आणि मग दिवे झाकण्याला अर्थ काय उरला? जाताना त्याने पद्मावतीला बजावलं होतं की ऊन अंगणात आलं की टोपडी नीट आहेत ना ते बघायचं, दिवे उघडे राहता कामा नयेत.

साबणाने माणूस स्वच्छ होतो, पेंडीचा वास जात नाही. त्या दिवशी बाबलीची गाय सुटली आणि सरळ सगुणच्या अंगणात आली. तिने शिवदासबाबांचं तोंड आधी प्रेमाने चाटलं, मग एका कडेने धरून ओढलं, आणि पद्मावती झाडू घेऊन धावेपर्यंत टिळ्यापासून ओठांपर्यंतचा भाग चावून चोथा केला. उरलेलं घेऊन ती गेली. हातांकडे तिने बघितलं नाही, कारण हात पोत्याच्या बाहेर लोंबत असायचे, त्यांना पेंड लागलेली नव्हती. डावा दिवा उघडा पडला आणि ऊन अंगणात आलेलं.

पद्मावतीने जे केलं ते कुणीही केलं असतं. डाव्याला डाव्याचंच बसतं. तिने खिळ्यावरचं डावं टोपडं काढलं, घातलं, इलास्टिक नीट केलं आणि चुलीवर भात होता म्हणून आत गेली.

आता थांब्यावरून काय दिसत होतं ते सांगायलाच हवं. डाव्या दिव्यावर जयरामबाब ऐटीत हसत होते. उजव्या दिव्यावर शिवदासबाबांचे हात, सोन्याच्या कड्यासकट, जोडलेले. म्हणजे आमदार शिवदासबाब आपल्या पडलेल्या प्रतिस्पर्ध्यापुढे हात जोडून उभे. साखळीची बस आली आणि तशीच गेली. कुणी चढलंच नाही. सगळे मोबाईल काढून फोटो घेत होते.

सगुण म्हापशाच्या बाजारात सुक्या मिरच्या हुंगून बघत होता, तेव्हा मिरच्यावालीच्या मुलाने हसत हसत मोबाईल पुढे केला आणि विचारलं, तुमच्या भागातलंच ना हे? सगुणने स्वतःची गाडी ओळखली. मिरच्या तिथेच राहिल्या. बसस्टँडकडे धावताना त्याचा फोन वाजला. नारायण होता. सायबाने बोलावलंय, आत्ताच, एवढंच बोलून त्याने फोन ठेवला. बसमध्ये सगुणने डोळे मिटले आणि ग्रामदेवतेला मनातल्या मनात गाऱ्हाणं घातलं: माझं काय व्हायचं ते होऊ दे, पोरीवर राग काढू देऊ नकोस.

बंगल्याच्या अंगणात एक मोठी काळी गाडी उभी होती. आत शिवदासबाब सोफ्यावर बसले होते, आणि त्यांच्या शेजारी, काजू खात, जयरामबाब. सगुणला आधी वाटलं की भीतीने आपल्याला दोन दोन दिसतंय.

"तुका कोणी सांगला?" शिवदासबाबांनी विचारलं.

"काय, सायबा?"

"आमची बोलणी चल्ली आसात ता. मी ह्यांच्या पार्टीत जातंय ता. घरच्या बायलेक म्हायत नाय, आनी तू गाडयेर लावून मोकळो?"

सगुणने सगळं खरं सांगितलं. पिवळे दिवे, महादेव, वरचा थर, लाकडांची रास, बाबलीची पोती, गाय. तो गाईपर्यंत आला तेव्हा दोन्ही पुढाऱ्यांनी एकमेकांकडे बघितलं. राजकारणात इतकं खरं कुणी बोलत नाही, तेव्हा हा माणूस भलताच पोचलेला असणार, असं त्या दोघांचं एकमत झालं. जयरामबाब म्हणाले की आता बोभाटा झालाच आहे तर चांगला दिवस बघत थांबण्यात अर्थ नाही, आजच उरकून टाकू. शिवदासबाबांनी होकार दिला. नारायण हार आणायला पळाला. फोटो काढणारे आले, फटाके आले, कुणीतरी पेढे आणले. एक पेढा सगुणच्याही हातात आला. शिवदासबाबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो आपला जुना माणूस असल्याचं चार लोकांना सांगितलं.

पेढा हातात तसाच धरून सगुण उभा होता. इतका मान त्याला जन्मात मिळाला नव्हता. आता नाही विचारलं तर कधीच नाही, असं त्याने मनाशी म्हटलं. गर्दी पांगल्यावर त्याने हात जोडले.

"सायबा, सेजलचा ता काम..."

शिवदासबाब मोकळेपणाने हसले. त्या हसण्यात जराही कपट नव्हतं, आणि सगुणला तेच पुढे जास्त लागलं.

"अरे, तुझ्या चेडवाच्या नोकरेची ऑर्डर तयार होती. तुझ्या गाडयेर जयरामबाबांचा तोंड दिसला, त्याच दिसा मी सांगलेलंय. मनीस हातचो जाता, काय तरी करा म्हणान. नारायण तुझ्यागेर इलो तो कित्या? आनी मागीर तू आपणच परत इलंस. परत इलेल्या मनशाक ऑर्डर कोण दिता, सगुण? ती दिली त्या शिरसाटाच्या झिलाक. तो शिरसाट आमका सोडून जावक लागलेलो."

"आनी आता?"

उत्तर जयरामबाबांनी दिलं, काजूची बशी त्याच्यापुढे सरकवत. "आता आमी दोगय एकाच घरात. आता तू जातलंस खंय?"

सगुणने काजू घेतला, कारण नाही म्हणायची त्याला सवय नव्हती. मग तो चालत थांब्यावर आला आणि बसमध्ये खिडकीजवळ बसला. सेजलला काय सांगायचं, याची तो वाटभर जुळवाजुळव करत होता. घरी पोचला तेव्हा त्यातलं एक वाक्यही त्याला आठवेना. त्याने जे घडलं ते जसंच्या तसं सांगितलं. "माझी चूक, गो बाय," तो म्हणाला. "टोपडी बदलली नसतंय तर तू आज हपिसात असतंस."

सेजल त्याच्याजवळ येऊन बसली. तिने त्याच्या मुठीतला चेपलेला पेढा काढून घेतला, अर्धा त्याला दिला आणि अर्धा आपण खाल्ला. ती हसते आहे की रडते आहे, ते त्याला कळेना.

पद्मावती मशीनवर होती. तिने सगळं ऐकलं, शिवण पूर्ण केली, दोरा दाताने तोडला.

"फुडल्या इलेक्शनाक तिसरो कोण उबो रवता," ती म्हणाली, "त्याची जरा चवकशी करा. फ्लेक्स मेळता काय बघा."